पन्हळीची वाटणी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. दुसऱ्यांच्या घरातलं कशाला चव्हाट्यावर आणायचं, असं वाटलं. पण आत्ता परत ढग आलेत आणि मला बसवत नाहीये.

दिलसुखनगरला कोचिंगच्या पाट्यांमागच्या आमच्या गल्लीत इंदुताईंचं पत्र्याचं घर आहे. एकच लांब घर, मधे भिंत. अलीकडे इंदुताई आणि त्यांचे मिस्टर एकनाथराव, पलीकडे एकनाथरावांचा धाकटा भाऊ दत्तोबा. वाटण्या झाल्या तेव्हा भावाभावांनी सगळं वाटलं, अंगणातला शेवगासुद्धा फांद्या बघून. शेवटी राहिली छपराच्या कडेची पन्हळ. तिचा उतार दत्तोबाकडे, खाली पाणी सोडणारा पाईपही तिकडेच. एकनाथराव बोलले, "माझ्या छपराचं पाणी त्याच्या दारातून नक्को." आणि भिंतीच्या बरोबर वर, दोरी धरून, पन्हळीत आडवी पत्र्याची पट्टी ठोकली. वरून डांबर. आपल्या टोकाला वेगळा पाईप.

पाणी काय वाटणीपत्र वाचतं? ते आपलं उताराकडे जातं, पट्टीला थडकतं, तुंबतं आणि भिंतीवरून घरात उतरतं.

रिमझिम असली की चालून जायचं. पण गेल्या थंडीत एकनाथरावांना लकवा मारला. डावं अंग गेलं. खाट त्याच भिंतीला, दुसरी जागाच नाही, आणि डोक्यावर लाईटचा बोर्ड. यंदा पाऊस असा की भिंत गच्च ओली. एकदा इंदुताईंनी हात टेकला तर झिणझिण्या! तेव्हापासून आभाळ भरलं की त्या पळत जाऊन मेन स्विच बंद करायच्या. फॅन बंद पडला की एकनाथराव ओरडायचे, "उकडून मारतीस का मला?" त्या खिडकीशी जायच्या, परत खाटेशी, परत खिडकीशी.

मेस्त्रीला बोलावलं. तो शिडीवरून वाकून बघून उतरला.

"अम्मा, पट्टी निकाले तो हो जाता. मगर पैले आप दोनो घर बात करो. मेरेकू भाईयां के झगड़े में नक्को."

"अरे, तू काढ ना, मी सांगते ना!"

"साब बोले तो निकालतूं."

साब खाटेवरून गरजले, "खबरदार! आणि इंदू, त्या दत्त्याच्या दारात गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

मेस्त्री गेला. दुपारी आभाळ फाटलं. मेन बंद केला तरी भिंतीतून पाण्याची धार उशीपर्यंत आली, आणि इंदुताईंचं डोकं सटकलं. दत्त्याच्या दारात जायचं नाही ना? ठीक. छपरावर जायला कुणी मना केलंय? पदर खोचला, पक्कड घेतली आणि साठीची बाई भर पावसात शिडी चढली.

डांबर कसलं निघतंय! पक्कड घसरत होती, हात सोलत होते. तेवढ्यात पलीकडून एक छत्री वर आली, छत्रीखाली दत्तोबा.

"वहिनी? मला वाटलं माकड आलं!"

"माकडच समजा, भावजी. ते टोक धरा आधी."

दत्तोबा हललाच नाही. "दादाला विचारलं का?"

"दादाला करंट लागल्यावर विचारू? भिंतीत वीज उतरलीय!"

त्याचा चेहराच उतरला. "हे सांगायचं नाही होय? मला रोज दिसतं पाणी तुंबलेलं. पण मी पट्टीला हात लावला असता तर दादा म्हणाला असता, दत्त्यानं हद्द तोडली."

"तोडा आता. मी म्हणते, तोडा!"

छत्री गेली उडत. तो हातोडी घेऊन आला आणि दोघांनी मिळून ती पट्टी उखडली. तुंबलेलं पाणी पालापाचोळा घेऊन धाडकन दत्तोबाच्या पाईपात शिरलं. खालून त्याची बायको भारती किंचाळली, "अय्यो, अंगणात नदी आली!"

"येऊ दे गं!" दत्तोबा ओरडला.

इंदुताई निथळत घरात आल्या. एकनाथरावांनी भिंतीकडे पाहिलं. धार थांबली होती, बाहेर पाऊस कोसळतच होता. त्यांना कळायचं ते कळलं. दोन दिवस बायकोशी एक शब्द नाही. त्या गरम वरणभात भरवायच्या, ते भिंतीकडे तोंड करून खायचे.

तिसऱ्या दिवशी भिंतीकडेच बघत बोलले, "त्या दत्त्याला म्हणावं, शिडीवर चढत जाऊ नको. गुडघे गेलेत त्याचे."

इंदुताईंनी निरोप पोचवला. दत्तोबा म्हणाला, "येतो म्हणावं. पाऊस उघडू दे."

पाऊस चार वेळा उघडला. दत्तोबा अजून आला नाही. आपल्याच दारापर्यंत येतो, चपला घालतो, काढतो. आणि इकडे एकनाथराव रोज सकाळी बायकोला दाढी करून मागतात, कशाला ते सांगत नाहीत.

मधे एका विटेची भिंत आहे हो फक्त! तुमचंही कुणी असं पलीकडे राहिलं असेल तर प्लीज, पाऊस उघडायची वाट बघू नका. भिजत जा, पण लवकर जाऊन भेटा.