मंदाताईंच्या तांबड्या खुणा

मंदाताई गेल्याचं मला फोनवर कळलं, तेव्हा तेराव्याला दोनच दिवस उरले होते. त्यांच्या कोपरच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो असा. डोंबिवलीच्या बाजारात भेटल्या की त्या म्हणायच्या, "ये रे एकदा, खाडीतल्या निवट्यांचं, ताज्या मासळीचं कालवण खायला घालते." मी "येतो, येतो" म्हणून सटकायचो. का सटकतो, ते फक्त मलाच ठाऊक होतं... निदान माझी तशी समजूत होती.

आम्ही दोघं खोपटला, एस.टी. डेपोसमोरच्या ऑफिसात होतो. परदेशातली पुस्तकं तिथे साधा टाइप केलेला मजकूर होऊन यायची, सगळं एकाच मापाच्या अक्षरांत. त्यातलं शीर्षक कुठलं, कलम कुठलं, तळटीप कुठली, हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे टॅग टाकायचे, हे आमचं काम. आधी मंदाताई छापील कागद वाचून समासात पेन्सिलीने खुणा करायच्या. शीर्षकाला निळी, कलमाला तांबडी, तळटिपेला हिरवी. त्या बघून आम्ही टॅग टाकायचो. "वाचल्याशिवाय हात लावू नकोस रे," हे त्यांचं पालुपद. मला वाचायचा कंटाळा. शिवाय खाडीकाठच्या कोळी घरातल्या, मॅट्रिक झालेल्या बाईंकडून ऐकून घेणं माझ्या पदवीला जड जायचं, हेही कबूल करतो.

एकदा कायद्याचं जाडजूड पुस्तक आलं आणि मी अतिशहाणपणा केला. आकड्याने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे तळटीप, असा छोटा प्रोग्राम लिहिला आणि आठवड्याचं काम दुपारच्या चहाआधी उरकलं. पण कलमंही आकड्यानेच सुरू होतात! अख्खा कायदा पानांच्या तळाशी जाऊन बसला, वर नुसती शीर्षकं उरली. काम परत आलं. साहेबांनी खुणा केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी पाहिली. तिच्यावर दोन सह्या लागायच्या, खुणा करणाऱ्याची आणि टॅग टाकणाऱ्याची. घाईत माझी राहून गेली होती, म्हणून चिठ्ठीवर एकट्या मंदाताईंचीच सही होती.

"खुणा तुमच्या ना?" साहेबांनी विचारलं.

"हो, माझ्याच," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलो. गठ्ठा कोणी उलगडलाच नाही. खुणांचं टेबल जाऊन त्यांच्याकडे पॅकिंग आलं, आणि दोन महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. त्यांचीही एखादी खूण चुकली असेलच, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो.

परवा तेराव्याला त्यांच्या भावजयीने कपाटातून एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "तुमीच ना ते? भारी हुशार पोरगा, म्हनायची ताई. ह्ये कागद कोनाला टाकू द्यायची नाय." तो त्याच कायद्याच्या पुस्तकाचा गठ्ठा होता, नोकरी सोडताना त्यांनी घरी आणलेला. मी एकेक पान उलटत गेलो. प्रत्येक कलमापुढे तांबडी रेघ होती, एकही चुकली नव्हती. हा गठ्ठा त्या दिवशी उघडला असता, तर माझी नोकरी गेली असती. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या मला जेवायला बोलवत राहिल्या... कदाचित मी येऊन एकदा तोंड उघडावं म्हणून.

गठ्ठा मी मागून घरी आणला आहे. चिठ्ठीवर त्यांची सही अजून ठळक आहे आणि शेजारची जागा रिकामी होती. काल तिथे मी सही केली. ती त्यांच्यासमोर करायची होती.