हिरवा स्टिकर

त्याने हिरवा स्टिकर माझ्या छातीवर चिकटवला आणि बहिणीला म्हणाला, "हा पण माझ्याकडे. चहा चांगला करतो."

बहीण हसली. मीही हसलो.

नेदरलँड्समधल्या हार्लेम गावातलं घर, कोरोनाचा पहिला हिवाळा. वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या मालकीणबाई कोरोनाने गेल्या आणि त्यांची दोन मुलं, रूलॉफ आणि हेलेन, सामान वाटून घ्यायला आली. इकडची पद्धत अशी की भांडण नको म्हणून प्रत्येकाने हव्या त्या वस्तूला आपल्या रंगाचा स्टिकर लावायचा. त्याचा हिरवा, तिचा निळा. घड्याळ हिरवं. कपाट निळं. मी कपाटं सरकवत होतो, चहा देत होतो. घर विकेपर्यंत मला राहू द्यायचं की नाही, ते ही दोघं ठरवणार होती. लॉकडाऊनमध्ये दुसरी खोली मिळत नव्हती. म्हणून हसलो.

महिनोन्‌महिने मला कुणाचा हात लागला नव्हता. दीड मीटर अंतर. पहिला हात लागला तो असा. आमच्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन गप्पांत कुणीतरी म्हणालं होतं, "आपल्या आजीचं सोवळंच बरोबर होतं म्हणायचं." तेव्हाही मी हसलो होतो.

मग रूलॉफने मखमली डबीतून ती वस्तू काढली. चांदीची, मूठ लाकडी, टोकाला घराण्याची दोन अक्षरं. डाग द्यायचा ठसा. मला तो माहीत होता. बाईंनीच एकदा कॉफी पिताना सांगितलं होतं. त्यांचे पूर्वज कॅरिबियनकडच्या डच वसाहतीत, सुरिनामला, ऊसमळ्याचे मालक. मालक मेला की पोरं मळा वाटून घ्यायची. जमीन, घाणे, गुलाम. आई एकाच्या वाट्याला, तिची लेक दुसऱ्याच्या. मग नवा मालक आपला ठसा तापवायचा आणि जुन्या डागाशेजारी नवा डाग. मांस जळल्याचा वास बंगल्यापर्यंत यायचा म्हणे. एवढं सांगून बाईंनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी बिस्किट घेतलं.

ठशावर दोघांनाही आपला स्टिकर हवा होता. हेलेन म्हणाली, आईने मला कबूल केला होता. तो म्हणाला, घराण्याचं नाव मी चालवतो. आवाज चढले. मग बहिणीला चिडवायला त्याने तो गार ठसा माझ्या दंडावर दाबला.

"बघ. आता तर झालाच माझा."

मी सातेक वर्षांचा होतो. गावात पाटलाच्या दोन मुलांची वाटणी झाली. विहीर याला, बैल त्याला. धाकट्याने आमच्या दाराकडे बोट केलं. हे महाराचं घर माझ्याकडं, म्हणाला. म्हणजे मेलेली ढोरं ओढायची ती त्याची, सरपण फोडायचं ते त्याचं. बाप म्हणाला, "आम्ही वाटणीत नाही."

एवढंच. त्यांनी त्याला आमच्याच अंगणात पाडला. कासऱ्याने मारला, मग लाथांनी. कानातून रक्त आलं तरी थांबले नाहीत. आई मधे पडली तर तिला केस धरून फरफटवली. मी भिंतीला चिकटून उभा. चड्डीत मुतलो. त्या कानाने बापाला पुन्हा ऐकू आलं नाही. जन्मभर मान वाकडी करून ऐकायचा. आणि मी? पुण्यात, मग इथे, कुणी विचारलं की सांगायचो, टायफॉइडने गेला कान. गावाकडे थोडी शेती होती आमची, असंही सांगायचो. पन्नाशी ओलांडली तरी हेच. बापाला मारणाऱ्यांना मीच लपवत आलो.

त्या दुपारी मी रूलॉफचं मनगट धरलं. पिरगाळलं. ठसा हिसकावला आणि त्याच्याच तळहातावर दाबला, सगळं वजन टाकून. गार होता म्हणून काय झालं. अक्षरं मांसात रुतली. तो ओरडला, गुडघ्यांवर आला. हेलेन पोलिसांना बोलावते म्हणाली. मला अजून दाबायचं होतं. ठसा तापलेला असता तर थांबलो असतो का, सांगता येत नाही.

"मी वाटणीत नाही," म्हणालो. मराठीत. त्याला कळावं म्हणून नव्हतंच ते.

पोलीस आले नाहीत. ठशाबद्दल त्यांना काय सांगायचं, हे बहुधा दोघांनाही सुचलं नसावं. खोली मात्र गेली. टिलबर्गला एका गोदामावर ओलसर जागा मिळाली.

तिथून मराठी मंडळाच्या ऑनलाइन बैठकीत बसलो. विषय होता गावाकडच्या आठवणी. कुणी आंब्यांवर बोललं, कुणी जत्रेवर. माझी पाळी आली. बापाचा कान कसा गेला, कुणी घालवला, आम्ही कोण, सगळं सांगितलं. सोवळ्यावर हसलो होतो, ते हसू परत घेतो म्हणालो. एकाने नेटवर्कचं कारण दिलं. मग एकेक चौकोन काळा होत गेला.

मी कॅमेरा बंद केला नाही. यापुढे करणार नाही.