पुलापर्यंत चालवून बघणारा

शहापुरातला आमचा सायकलवाला मोजकंच बोलतो. दुरुस्त केलेली सायकल सापगावच्या पुलापर्यंत स्वतः चालवून बघितल्याशिवाय तो कुणाच्या हातात देत नाही. सायकल लहान मुलीची असली, तरी गुडघे कानापर्यंत आणत हा जाऊन येतो.

आम्हा नवराबायकोची रेलून चालवायची दोन सीटची सायकल खोक्यांतून आली, तेव्हा तिला तो ‘खाट’ म्हणाला. दोन दिवस खपून त्यानं ती जोडली. नजर गेलेली माझी बायको मागे बसणार हे कळल्यावर त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर बांधला आणि मागच्या सीटवर रेलला. “चला, काका.”

पहिल्याच वळणावर आम्ही भाताच्या खाचरात आडवे झालो. टॉवेल न सोडताच तो म्हणाला, “काका, तुमी बोलतच नाय. वळण आलं, खड्डा आला, मागच्याला कसं कळायचं?”

पुढं पुलापर्यंत मी अखंड बोलत गेलो. परत आल्यावर त्यानं पुढच्या हँडलवरचा एक ब्रेक काढून मागच्या हँडलला बसवला आणि दुकानात थांबलेल्या बायकोचा हात त्यावर ठेवला.

“काकू, काका गप झाले का हा दाबायचा.”