न बोलणाऱ्या पाहुण्यांची वाट

माझा चुलतभाऊ वीरधवलदादा याचं सेलमला गलाईचं दुकान आहे. सराफांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, हा त्याचा धंदा. आमच्या विट्याकडची निम्मी घरं याच कामासाठी देशभर पांगली आहेत. दिवसभर भट्टीसमोर बसायचं आणि रात्री दुकानाच्या माळ्यावर पाच कामगारांच्या ओळीत झोपायचं, असं त्याचं वर्ष जातं. उन्हाळ्यात गावी आला की घरात त्याच्याआधी पाहुणे झोपलेले असतात. यंदा मात्र तो सेलमहून चक्क एक तंबू घेऊन आला.

"मला एक रात्र पायजे," तो मला म्हणाला. "उघड्यावर. जिथं कुणी 'पाव्हणं, घरला चला' म्हणणार न्हाई."

मी पुण्याला उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे बनवणाऱ्या कंपनीत आहे. महाराष्ट्र दिन शुक्रवारी आल्याने तीन दिवसांची सुट्टी होती, म्हणून गुरुवारीच गावी आलो होतो. सॅक पाठीवर टाकून चालत जायचं ठरलं आणि वाट काढायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हणालो, रेणावीचा डोंगर चढू, पठारावर मुक्काम करू आणि त्याच वाटेने उतरू.

"त्याच वाटंनं न्हाई. वाट गोल पायजे."

"का?"

"बारक्या, शिकून वाया गेलास. जाताना पाव्हण्यानं अडवलं तर काय म्हणतो आपण? 'येताना येतो.' मग त्याच वाटंनं आलास की सापडलास. गोल गेलं की येताना आपण दुसरीकडंच."

इतकं शुद्ध तर्कशास्त्र मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला आणि पाहुण्यांच्या गावांवर लाल ठिपके द्यायला लागलो. एवढ्यात दादाची आई, रंगूकाकी, सुपारी कातरत येऊन बसली.

"ह्या गावात आपलं कुणी न्हाई ना काकी?" मी एक मोकळी जागा दाखवली.

"न्हाई कसं? माझ्या आतेभावाची सून तिथलीच."

"आणि हे?"

"तिथं तर तुझ्या आज्याचं मानलेलं भाऊ."

तिच्या पाठोपाठ शिवांजलीवहिनी आली. तिने आपल्या माहेरची सगळी बाजू भरून काढली. नकाशाला गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं. प्रत्येक ठिपक्यापासून हाकेच्या अंतराबाहेरून जाईल अशी गोल वाट शोधायला मी मशीनला सांगितलं. तिने एकच वाट सुचवली. गावच्या पाण्याच्या टाकीभोवती.

"तंबू टाकीवर लावा," वहिनी म्हणाली. "हवा लागंल."

दादाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "पाव्हणं किती हाईत ते सोड. बोलत्यात किती ते बघ."

तो उजेड माझ्या डोक्यात पडायला थोडा वेळ लागला. ज्यांच्याशी अबोला, ते घरी बोलावणार नाहीत. मग त्यांची गावं म्हणजे मोकळं रान. मी काकीला विचारत गेलो आणि एकेक ठिपका हिरवा करत गेलो. बांधावरून भांडलेले, साखरपुड्यात रुसलेले, निवडणुकीत दुसऱ्या पॅनलला गेलेले. हिरवे ठिपके जोडले आणि डोंगर, पठार, पाझर तलाव असं सगळं घेऊन येणारी सुंदर गोल वाट तयार झाली. आमच्या भाऊबंदकीने एवढं चांगलं काम आजवर कधी केलं नव्हतं.

मुक्काम पाझर तलावाच्या काठी ठरला. ते जोतीराममामाचं गाव निघालं. मामा म्हणजे काकीचा धाकटा भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. दादाच्या लग्नात मामाच्या आधी फोटोवाल्याला फेटा बांधला गेला, एवढं कारण झालं. फोटोवाला म्हणत होता, उजेड तपासायचाय. मामा न जेवता उठून गेला, तो अजून बोललेला नाही.

मामाचं गाव ऐकल्यावर काकीचा अडकित्ता थांबला. "जावा," ती म्हणाली. "पण त्याच्या दाराकडं बघू नगासा."

शुक्रवारी पहाटे निघालो. योजना झकास चालली. पहिल्या हिरव्या गावात चुलत्यांपैकी एक जण ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. दादाचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता त्यांचे पाय धरतो.

दिवस कलता कलता तलावाकाठी तंबू उभा राहिला. म्हणजे एका बाजूने राहिला. दुसरी बाजू आम्ही ओढत होतो, तेवढ्यात समोरच्या बांधावर पांढऱ्या मिशांचा माणूस येऊन उभा राहिला. शेळ्या राखणाऱ्यांनी बातमी पोचवली असणार. तो मामाच होता. दादा त्याच्यापासून चार हातांवर, तरी तो माझ्याशी बोलला.

"त्याला सांग, तंबूचं तोंड वाऱ्याकडं हाय. रातीत उडंल."

"त्यांना सांग, कळलं," दादा मला म्हणाला.

मी सांगण्याआधीच मामा बांध उतरून आला, सगळ्या मेखा उपटल्या आणि तंबू फिरवून पुन्हा ठोकला. फौजी माणसाला वाकडा तंबू बघवत नसावा.

"त्याला सांग, मी घरला चल म्हणनार न्हाई."

"त्यांना सांग, आमी येनार बी न्हाई."

दोघंही समाधानी दिसले. मामा निघाला. दादाने बूट काढले, तंबूत शिरून फक्त डोकं बाहेर ठेवलं आणि आभाळाकडे पाहत आडवा झाला. वर्षभर जपलेली रात्र सुरू होत होती.

बांधावर चढून मामा थांबला. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "त्याला विचार, आक्काचा गुडगा कसा हाय."

आक्का म्हणजे रंगूकाकी; मी दादाकडे पाहिलं. 'बरा हाय' एवढंच माझ्या तोंडून पाठवलं असतं तर रात्र त्याचीच होती. ते त्यालाही कळत होतं. तो उठून बसला, तंबूवर एकदा हात फिरवला आणि सरळ मामाला म्हणाला, "ऑपरेशन झालं मामा. दिवाळीत, मिरजेला. तुमाला कळवू दिलं न्हाई तिनं."

"मला कळलं हुतं," मामा म्हणाला. "दोनदा येऊन दवाखान्याच्या खालीच हुबा राहून गेलो. वर काय म्हनून यायचं?"

मग तो वळला, पुन्हा खाली आला आणि पहिली मेख उपटायला वाकला.

"मामा, ऱ्हाऊ द्या. आमी सकाळी येतो," दादा म्हणाला. त्यात जोर नव्हता.

"भाच्यानं शिवारात निजायचं आन मी घरात? उठ. तिकडचं टोक धर."

दादाने एकदा वर पाहिलं. पहिली चांदणी दिसायला लागली होती. मग त्याने टोक धरलं.

"घडी नीट घाल," मामा म्हणाला. "आन आक्काला फोन लाव. मी बोलतो."