आईचा तात्पुरता दात

त्या शुक्रवारी दुपारी कस्टमचा प्रश्न कॉम्प्युटरवर आला. परदेशातून आलेल्या मालाचे कागद भरायचं माझं काम. प्रत्येक वस्तूला सरकारी यादीत एक कोड असतो, त्यावरून ड्युटी, म्हणजे आयात कर, ठरते. कोड चुकला तर माल अडकतो. चूक मुद्दाम केली असं कुणाला वाटलं तर दंडही बसतो.

माल शहागंजच्या एका व्यापाऱ्याचा होता. दातांच्या दवाखान्यांना लागणारं सामान विकणारे वयस्कर चाचा. त्यांनी पहिल्यांदाच घरच्या घरी दात दुरुस्त करायच्या डब्या मागवल्या होत्या. डबीत पांढरे बारीक दाणे. गरम पाण्यात टाकले की मऊ होतात, मग दाताच्या फटीत दाबून बसवायचे, थंड झाले की घट्ट. बिलावर 'प्लास्टिकचे दाणे' लिहिलं होतं. मी डबीचा फोटोही न मागता प्लास्टिकचा कोड टाकून मोकळी झाले होते. प्लास्टिकची ड्युटी वेगळी, यादीतल्या औषधांच्या प्रकरणात येणाऱ्या, दातात भरायच्या पदार्थांची वेगळी, कृत्रिम दातांची आणखी वेगळी. आता विचारणा होती, की डबीवर दात दुरुस्तीसाठी असं छापलंय, मग हे प्लास्टिक कसं? सोमवारी लेखी खुलासा द्या.

चाचांना फोन केला. ते तासाभरात नमुन्याची डबी घेऊन आले.

"बाई, पहले मेरेकू पूछ लेते ना," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

डबी पर्समध्ये टाकून मी उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर आले. शनिवार-रविवारी खुलासा लिहीन असं ठरवलं. पण शनिवारी सकाळी सोयगावच्या बसनं आई आली ती तोंडाला पदर लावूनच.

"काय झालं गं आई?"

तिनं पदर काढला. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला. ज्वारीच्या भाकरीत खडा आला होता म्हणे. आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाचा साखरपुडा, इथंच शहरात, मुलीकडच्यांकडं! गावाकडं आमच्या गल्लीत बुद्धवंदनेला त्रिशरण-पंचशील म्हणायला आई पुढं असते, बायका तिच्यामागं म्हणतात. साखरपुड्यातही वंदना तिनंच घ्यायची असं ठरलं होतं. तिनं एक ओळ म्हणून दाखवली, तर 'स' आला की शिट्टी वाजायची.

"लई हसतील माय मला नव्या सोयऱ्यांत," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं.

"दातांच्या डॉक्टरकडं जाऊ."

"नाय. ते उपटून टाकतील. मंग तर बोळकंच दिसंल."

मी तिची समजूत घालायला हवी होती. त्याऐवजी मी पर्समधली डबी काढली. दुसऱ्याच्या मालाचा नमुना, ज्याबद्दल मला अजून खुलासा द्यायचा होता, तो मी वाटीत ओतला. गरम पाण्यात दाणे काचेसारखे पारदर्शक झाले. चमच्यानं काढून तिच्या तुटक्या दाताला दाबून बसवले. थोड्या वेळानं ते पुन्हा पांढरे पडले. आईनं आरशात बघितलं, ओळ म्हटली. शिट्टी वाजली नाही.

"हे खाताना काढायचं बरं का," मी तीनदा सांगितलं.

रविवारी वंदना छान झाली. मी मात्र सगळा वेळ आईच्या ओठांकडं बघत होते. पुढं फोटो झाले, मग पंगत बसली. विहीणबाई आग्रहानं शेजारी बसून वाढत होत्या. त्यांच्यासमोर तो बसवलेला दात काढून ठेवायची आईला लाज वाटली असणार. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ आली, माझा हात दाबला आणि हळूच तोंड उघडलं. फट मोकळी होती.

"गिळलं वाटतं बाई मी."

आम्ही पत्रावळ बघितली, सतरंजी बघितली. काही नाही. तेवढ्यात आईला ठसका लागला. साधाच असेल, पण तो तुकडा श्वासनळीत गेला असेल तर? भावाला काही न सांगता तिला रिक्षात घातलं. रविवार असल्यानं दोन दवाखाने बंद मिळाले. रिक्षात ती खोकली की मी तिच्या तोंडाकडं बघायची, खोकली नाही तर तिच्या श्वासाकडं. तिसऱ्या दवाखान्यात दातांची डॉक्टर भेटली, माझ्याच वयाची.

"काय बसवलं होतं?"

मी डबी पुढं केली. "हे. म्हणजे प्लास्टिक आहे, पण..."

"नेमकं काय आहे हे? दातात भरायचं काही आहे का?"

तीन दिवस हाच प्रश्न माझ्या डोक्यात होता. यादीतली प्रकरणं तोंडपाठ होती. पण ते आईच्या पोटात गेलं तर काय होतं, हे मी एकदाही वाचलं नव्हतं.

डॉक्टरनं आईला दम लागतो का, घशात टोचतं का, गिळायला त्रास होतो का, असं विचारलं. छाती तपासायला शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. श्वास मोकळा होता.

"पोटात गेलं असेल तर बाहेर पडेल. दम लागला, पोट दुखलं तर लगेच या," ती म्हणाली. मग आईच्या दातावर बारीक काहीतरी टेकवलं, तशी आई कळवळली. "मावशी, मुळाशी पू झालाय. हा दात आधीपासून दुखत असणार."

"व्हय," आई खाली बघत म्हणाली. "दिवाळीपासून."

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

सोमवारी खुलासा लिहिला. वस्तू दाण्यांच्या रूपात असली तरी दातातली फट तात्पुरती भरण्यासाठीच डबीत घालून विकली जाते. म्हणून ती दातात भरायच्या पदार्थांत धरावी. बिलावरचा शब्द बघून आधीचा कोड माझ्याकडून चुकीचा पडला. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. आमच्या ऑफिसातल्या सरांनी वाचून तसंच पाठवलं. दोन दिवस फोन वाजला की मी पहिल्याच रिंगला उचलायची, आईचा असो की कस्टमचा.

गुरुवारी खुलासा मान्य झाला. दंड बसला नाही. चाचांनी ड्युटीतला फरक भरून माल सोडवला. त्याच दिवशी मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. त्यांनी डबी उलटून तिच्यावर छापलेलं वाचलं.

"अम्मा ठीक है ना अब?"

"ठीक आहे. गिळलेल्याचा काही त्रास झाला नाही, मुळाचा इलाज चालू आहे."

मग त्यांनी दुकानात मराठीतून एक चिठ्ठी छापून घेतली आणि प्रत्येक डबीला चिकटवली: जेवताना काढा, दुखत असेल तर लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा. मजकूर मी लिहून दिला. आई इलाजासाठी तीन आठवडे माझ्याकडं राहिली. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी तिला विचारायची, आज कुठं दुखतंय का. पहिले काही दिवस ती नाय म्हणायची. मग एका संध्याकाळी तिनं गुडघा पुढं केला.