कोळंबी आणि जागतिक परिस्थिती

नंदा तांबे गेली बावीस वर्षं रत्नागिरीतल्या एका कारखान्यात कोळंबी सोलते. आखातात युद्ध पेटलं तेव्हा मॅनेजर पाटणकरांनी बायकांना गोळा करून जगाची अर्थव्यवस्था समजावली आणि शेवटी सोलणीचा दर कमी केला.

"युद्धामुळे माल बाहेर जात नाही, बाई."

"मग काल दोन कंटेनर गेले ते काय माहेरपणाला, साहेब?"

पाटणकरांना हा प्रश्न राजकीय वाटला. तो होताच. युद्ध कुणीही जिंको, हरायचं काम सोलणाऱ्यांकडे असतं, एवढं अर्थशास्त्र नंदाला येत होतं. विहारातल्या महिला मंडळाची भांडणं मिटवून हात बसलेला, त्यामुळे साठ बायकांचं एकमत करणं तिला जड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका वेळेवर आल्या. त्यांनी टोप्या चढवल्या, ट्रक रिकामा होऊ दिला आणि कोळंबी टेबलांवर पसरल्यावर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. पाटणकरांनी ऑफिसातले कारकून सोलायला बसवले. त्यांनी सालं काढली, पाठीतला काळा दोरा मात्र तसाच ठेवला. असा माल परदेशी गिऱ्हाईक शांततेच्या काळातही घेत नाही. इकडे कोळंबीवरचा बर्फ वितळू लागला. दुपारच्या आत जुना दर परत आला, तोही लेखी.

संध्याकाळी शेजारच्या कारखान्यातल्या चौघी नंदाच्या दारात हजर. त्यांचाही दर युद्धाने खाल्ला होता.

"ताई, आम्ही उद्या सकाळी गेटवरच बसतो संपाला."

नंदाने चहाचं आधण ठेवलं. "गेटवर कशाला गो? आधी माल टेबलावर येऊ दे."