मार्था सिस्टरची अकरा घरं

"क्षमा देवाने केली, पण सुई मी टोचली होती," मार्था सिस्टर चर्चच्या पाळकांना म्हणाल्या होत्या.

मार्था शांतवन साळवी रत्नागिरीत मांडवीला राहतात. एकतीस वर्षं सरकारी नर्स. रोज सकाळच्या एसटीने कातळावरच्या एका वाडीत उतरायचं, उपकेंद्राचं कुलूप काढायचं, संध्याकाळी खारा वारा सुटल्यावर घरी परतायचं. आवाज जाड, चाल सरळ. वाडीतल्या निम्म्या माणसांना पहिली सुई त्यांनीच टोचलेली. त्यातली कित्येक आज आपली पोरं त्यांच्याकडे आणतात.

लशीचं एक आहे. ती थंड लागते, पण गोठता कामा नये. गोठलेली लस दिसते लशीसारखी, काम करत नाही. म्हणून बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढले की लगेच डब्यात भरायचे नसतात. टेबलावर मांडायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी हललेलं ऐकू आलं तरच तो पॅक लशीशेजारी जातो. सिस्टरनी कित्येक नव्या मुलींना हे शिकवलं. "कानाला लाव," त्या म्हणायच्या. "पाणी बोललं की भर."

मार्चमधल्या एका बुधवारी त्यांनी स्वतः कानाला लावलं नाही. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. संध्याकाळी चर्चच्या महिला संघात त्यांना बोलायचं होतं आणि विषय होता पश्चात्ताप. कागद पर्समध्ये होता, मन कागदात. पॅक दगडासारखे कडक होते. हातांनी ते भरले, डब्याचं झाकण लागलं, आणि अंगणवाडीत अकरा बाळं आली. अकरा रडली, अकरा गेली.

अंगणवाडी रिकामी झाल्यावर एक बाटली शिल्लक राहिली. सिस्टरनी ती सवयीने हलवून खिडकीकडे धरली. पांढरे कण सुटे झाले आणि भराभर तळाशी बसले. गोठून वितळलेली लस अशीच बसते. त्यांच्याबरोबरची नवी नर्स दीपाली मागे हात धूत होती. दुसरं कोणी नव्हतं. बाटली कचऱ्याच्या पिशवीत गेली असती तर हे जगात कोणालाही कळलं नसतं. सिस्टरनी ती रुमालात गुंडाळली आणि त्याच दुपारी आरोग्य केंद्रात डॉक्टर निलेश यांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी बाटली हलवली, बराच वेळ पाहिली.

"फ्रीज बिघडून लस गोठली असं लिहू या. जुना आहेच."

"फ्रीज चांगला आहे, सर."

"सिस्टर, या सगळ्या पोरांचे पुढचे डोस आहेतच. बघून घेऊ आपण."

"तोवर ती उघडी आहेत. आईबाप समजतात झाकलेली आहेत."

"आणि वाडीत कळलं तर? पुढच्या बुधवारी एक बाई पोर घेऊन येणार नाही. अकरांसाठी शंभर घालवाल."

हे भेकडाचं बोलणं नव्हतं. डॉक्टर भला माणूस होता आणि भीती खरी होती. अफवेने आसपासच्या गावांतली लसीकरणं बंद पडलेली सिस्टरनीही पाहिली होती. पण त्या म्हणाल्या, "येतील, सर. मी ओळखते त्यांना. खोटं बोललेलं त्यांना सहन होणार नाही. चुकलेलं होईल."

वर पाठवायचा अहवाल त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. चूक कोणाची, या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव घातलं. आठवड्याच्या आत वरून दोन कागद आले, एक पुन्हा लस देण्याच्या परवानगीचा, दुसरा त्यांच्या नावचा मेमो.

त्या बुधवारी संध्याकाळी महिला संघात त्या बोलल्याच नव्हत्या. पश्चात्तापाचा कागद त्यांना आता दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखा वाटत होता. प्रार्थनेनंतर त्यांनी पाळकांना सगळं सांगितलं. पाळक अमरदीप वयाने त्यांच्या मुलासारखे. ते हळुवारपणे म्हणाले, "प्रभूपुढे टाकलंत ना, मावशी? मग ते ओझं परत उचलू नका." तेव्हा सिस्टर ते सुईचं वाक्य बोलल्या. रागाने नाही. क्षमेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, किंबहुना त्या विश्वासानेच त्यांना दारं ठोठावायचं बळ दिलं. ज्याला क्षमा झाली नाही असं वाटतं, तो लपतो. त्यांना लपायचं कारण उरलं नव्हतं. पण मांडी दुखली होती ती बाळांची, आणि बाळांच्या आयांना देवाने परस्पर काही कळवलं नव्हतं.

परवानगी आल्यावर दोन दिवस त्या घरोघरी फिरल्या. प्रत्येक ओटीवर तेच वाक्य: लस खराब झाली होती, चूक माझी आहे, बाळाला पुन्हा टोचावं लागेल. "आमच्याकडून", "वरून", "मशीनमुळे" असले शब्द त्यांनी वापरले नाहीत.

नातवाला मांडीवर घेऊन बसलेला दत्ताराम म्हातारा ऐकून हसलाच. "चुका सगलीच करतात वो सिस्टर. पन घरोघरी जाऊन सांगनारी तुमीच पयली. आमच्या सरपंचाला शिकवा जरा."

अकरावं घर सीतावहिनींचं. त्यांची सून तेजल, तिची दीड महिन्याची आरोही. तेजलचा नवरा ओमकार मुंबईला कामाला, म्हणून बाळंतपणात कळा सुरू झाल्यापासून तेजलचा हात मार्था सिस्टरनीच धरला होता. त्या दिवशी ती दाराच्या आत उभी राहून ऐकत होती. बोलल्या सीतावहिनी.

"त्या रातीला पोरगी तापान कन्हत व्हती. आमी दोघी जाग्या. नि आता म्हनताव, त्यो ताप फुकट गेला?"

"हो, वहिनी. माझ्यामुळे फुकट गेला."

"तुमच्या देवान पाठवलान काय सांगायला?"

"देवाला न सांगता कळतं. तुम्हाला सांगावं लागतं."

तेजल आत निघून गेली.

फेरलसीकरणाच्या बुधवारी अंगणवाडीत डॉक्टर स्वतः आले आणि दाराकडे बघत उभे राहिले. पहिली आली मैना, बाळाला घेऊन. आल्याआल्या तिने विचारलं, "ही बाटली चांगली कशावरून, सिस्टर?" सिस्टरनी जपून ठेवलेली खराब बाटली आणि नवी बाटली तिच्या दोन हातांत दिल्या. "हलव आणि बघ." मैनाने बघितलं, शेजारणीला दाखवलं. बाटल्या हातोहात बायकांत फिरल्या. "आमीच आता नर्स," कोणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या. दहा बाळांना टोचून झालं. त्याशिवाय त्या दिवशीच्या नेहमीच्या यादीतली सगळी आली. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली.

आरोही आली नाही.

बारा वाजता सिस्टर डबा घेऊन निघाल्या, बरोबर दीपाली. कातळ तापला होता. तेजल ओटीवर बाळाला घेऊन बसली होती. तिने यांना येताना पाहिलं, पण उठली नाही.

"टोचायला नाय म्हनत नाय मी," ती म्हणाली. "पोरीला पायजे ते कळतंय मला. पन तुमच्या हातान नको."

"तेजल," सीतावहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाळंतपनात हात कोनाचा धरलावतास?"

"म्हनूनच," तेजल म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "दीपालीताईनी टोचू दे."

दीपालीने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी डबा उघडला आणि तिच्यापुढे सरकवला. मग त्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दीपालीने बाळाची मांडी पुसली. सुई नीट गेली. आरोही रडली आणि आईच्या छातीशी लागून गप्प झाली.

सिस्टरनी कार्ड मागून घेतलं. आधीच्या डोसवर रेघ मारली, शेजारी स्वतःची सही केली. खाली नवी तारीख घातली आणि टोचणारीच्या जागी दीपालीचं नाव लिहिलं. कार्ड तेजलच्या बाजूला ओटीवर ठेवलं. सीतावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सिस्टरनी दोन घोट घेतले, तांब्या त्यांच्या हातात परत दिला, पर्स खांद्याला लावली, आणि पायऱ्या उतरून बाहेर पडल्या.